दोन रिसीव्हर

"साहेब, ह्यावरनं आटपाडीला फोन लागंल का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी जॉर्ज टाउनमधल्या एका गच्चीवर शिडीवर उभा होतो. तोंडात स्क्रू-ड्रायव्हर, हातात केबल, आणि खाली चहाचा पेला घेऊन वहिनी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आम्ही नुकताच एक फोन बसवला होता. त्यावर दोन आकडे दाबले की चार गल्ल्या पलीकडच्या घरात घंटी वाजायची. सिम नाही, बिल नाही. मग त्याच फोनवरून गावी का लागू नये? मी म्हणालो, "नाही लागणार." "मग काय उपयोग?" असं त्यांनी तोंडावर म्हटलं नाही. चहा पुढे केला, एवढंच.

चेन्नईची पोस्टिंग मिळाली तेव्हा इथे इतकं मराठी कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. जॉर्ज टाउन म्हणजे फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेचा जुना व्यापारी भाग. १९११ पर्यंत याला ब्लॅक टाउन म्हणत, मग पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त नाव बदललं. इथल्या तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं मंदिर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या काळात, ३ ऑक्टोबर १६७७ ला, शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनाला आले होते असं तिथे सांगतात. चेन्नईला आलेला प्रत्येक मराठी फौजी एकदा तरी तिथे जातो. मीही गेलो, आणि परतताना सराफांच्या गल्लीत "आरं, त्यो डबा हिकडं घे" हे वाक्य ऐकून जागीच थांबलो.

खानापूर, विटा, आटपाडी भागातले गलाईवाले. दुष्काळी मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेली आणि भारतभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायचं काम करणारी ही माणसं. भट्टी, मूस, ॲसिडचा वास, वर दोन खोल्यांत संसार. मी साताऱ्याचा. मला त्या गल्लीत घर मिळालं म्हणायला हरकत नाही.

आता फोनचं. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, कॅप्टन असल्यापासून. चेन्नईत त्याच नादामुळे एका गृहस्थांची ओळख झाली. सत्तरी ओलांडलेले, टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि चाळीस वर्षांपासून हॅम. त्यांना सगळे 'सार' म्हणतात, मीही तेच म्हणतो. ते राहतात एर्राबालू चेट्टी स्ट्रीटजवळ. मद्रासचं पहिलं टेलिफोन एक्सचेंज १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच रस्त्यावर उघडलं, आणि सार ही गोष्ट पहिल्या भेटीत दोनदा आणि नंतर प्रत्येक भेटीत एकदा सांगतात.

कल्पना त्यांची होती. २०१५ च्या डिसेंबरातला पूर आणि २०१६ चं वरदा वादळ त्यांनी इथेच काढलं होतं. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, मग शेजारच्या गल्लीतला माणूस जिवंत आहे की नाही हेही कळत नाही. म्हणून गच्च्यांवर छोटे रेडिओ बसवायचे. प्रत्येक रेडिओ स्वतःचं बोलणं पाठवतो आणि दुसऱ्याचंही पुढे ढकलतो. मधला एक बंद पडला तर बाकीचे आपसात दुसरी वाट शोधतात. याला मेश म्हणतात. एका छोट्या कॉम्प्युटरवर एक्सचेंजचं सॉफ्टवेअर, घरोघरी साधे आयपी फोन, आणि प्रत्येक ठिकाणी बारा व्होल्टची बॅटरी. आम्ही सहा गच्च्या गाठल्या. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना समोरासमोर दिसावं लागतं, आणि जॉर्ज टाउनमध्ये समोर दिसतं ते फक्त पत्रा आणि पाण्याची टाकी. तीन रविवार निव्वळ टाक्यांना वळसा घालण्यात गेले. यातलं काहीही लष्कराच्या इमारतीवर किंवा लाइनवर नव्हतं, हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर माझे कोर्समेट लगेच फोन करतील.

सुरुवातीला आम्ही अमेरिकन हॅम मंडळींनी तयार केलेलं आरेडन हे सॉफ्टवेअर घातलं होतं. पण ते परवानाधारकांसाठी. हौशी रेडिओवर फक्त परवानाधारकाने बोलायचं, उघड भाषेत बोलायचं आणि तिऱ्हाइताचे निरोप न्यायचे नाहीत. १९७८ च्या नियमांत आपत्तीसाठी सवलत आहे, पण ती सरकारी अधिकाऱ्यांच्या निरोपांपुरती. म्हणजे वहिनींनी त्या फोनला हात लावणंसुद्धा बेकायदा. मग आम्ही ते काढलं आणि सगळं जाळं परवानामुक्त पट्ट्यात आणलं. पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून आपल्याकडे असा मोकळा आहे. ताकद कमी मिळते आणि कोणी गोंगाट केला तर तक्रार करता येत नाही, पण गल्लीतलं कोणीही गल्लीतल्या कोणाशीही बोलू शकतं. गल्लीबाहेर मात्र नाही. वहिनींचा प्रश्न नेमका तिथे होता.

तांत्रिकदृष्ट्या बाहेर जोडणं अगदी सोपं आहे, हीच त्यातली अडचण. मुठीएवढं एक खोकं मिळतं. त्याची एक बाजू आपल्या जाळ्यात, दुसरी भिंतीतल्या टेलिफोनच्या सॉकेटमध्ये. लाइनला वाटतं आपल्याला एक फोन लावला आहे, आणि जाळ्याला वाटतं आपल्याला एक एक्सचेंज मिळालं आहे. दोघांनाही फसवणारं खोकं. सारांच्या घरी अजून तांब्याची जुनी लाइन होती. तिला एक्सचेंजमधल्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळतात, त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी ती जिवंत राहते. नवीन फायबरच्या फोनचं तसं नाही, घरातलं यंत्र बंद पडलं की फोनही गेला. म्हणून सारांचा जीव त्या दोन तारांवर.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आम्ही ते खोकं त्यांच्या टेबलावर लावून पाहिलं. गच्चीवरच्या रेडिओची केबल काढून ठेवली होती, म्हणजे त्यांचाच फोन, त्यांचीच लाइन, त्यांचंच घर. मी पुण्याला बायकोला फोन लावला. लागला! पण तिला माझा आवाज नीट आणि मला माझाच आवाज दोनदा. दोन तारांच्या लाइनवर जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच असतात. खोक्याला ते वेगळे करावे लागतात आणि ते पूर्ण जमत नाही, त्यामुळे आपलाच थोडा आवाज परत फिरतो. साध्या फोनमध्ये तो इतक्या लवकर येतो की कळत नाही. तुकडे होऊन कॉम्प्युटरमधून फिरून आला की उशिरा येतो, आणि माणूस स्वतःशीच भांडल्यासारखा बोलायला लागतो. "तू कुठल्या विहिरीत आहेस?" बायकोने विचारलं.

खरा घोळ रात्री झाला. मी घरी गेलो, सार झोपले आणि सकाळी त्यांच्या मुलीचा परदेशातून शेजाऱ्यांकडे फोन: अप्पांची लाइन रात्रभर एंगेज आहे, जरा बघून या. खोक्याने लाइन सोडलीच नव्हती. समोरच्याने फोन ठेवला की आपलं एक्सचेंज एंगेज टोन देतं, ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. खोकं मात्र अमेरिकन टोनची वाट बघत बसलं होतं, ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा बंद. तो टोन मद्रासमध्ये कसा येणार? सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. पण रात्रभर एक मुलगी सातासमुद्रापलीकडे जागी होती, आणि सारांनी तिला काय झालं हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

टोन बसला, प्रतिध्वनीही बराच कमी झाला. सार म्हणाले, आता गच्चीची केबल लाव. मी नाही म्हणालो.

त्यांना माझं कारण पटलं नाही आणि मी ते दोन-तीन वेळा वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. अमेरिकेत हॅम मंडळी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी गाडीतल्या रेडिओवरून घरच्या टेलिफोनला जोडून घेत, तिथे नियमात बसतं. आपल्याकडे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून तत्त्व एकच आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ते राहिलं: लोकांना टेलिफोन सेवा द्यायची असेल तर सरकारची परवानगी हवी. आपल्या घरात आपल्या लाइनला दहा फोन लावा. पण रस्ता ओलांडून सहा घरांना त्या लाइनवरून बोलू दिलं की तुम्ही एक्सचेंज चालवताय.

"इंग्रजांचा कायदा," सार म्हणाले. तेही टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला माणूस.

माझं कारण मात्र कायद्याच्या पुस्तकातलं नव्हतं. जून २०२१ मध्ये बंगळुरूत मिलिटरी इंटेलिजन्स आणि पोलिसांनी मिळून बेकायदा एक्सचेंज पकडली. भाड्याच्या खोल्यांत सिमबॉक्सच्या रांगा. परदेशातून इंटरनेटवरून येणारा कॉल तिथे स्थानिक कॉल व्हायचा. त्याच वाटेने सीमेपलीकडचे लोक आपल्या फौजी कार्यालयांत फोन करून, आपण वरचे साहेब असल्याचं भासवून, माहिती काढायचा प्रयत्न करत होते. उचलणाऱ्या क्लार्कला दिसायचा साधा भारतीय नंबर. आमचं खोकं त्यांच्यासारखं नव्हतं, पण काम तेच करत होतं. सहा घरांतून कोणीही बोललं तरी बाहेर दिसणार सारांचा नंबर. आज सहा घरं आहेत, सगळी ओळखीची. उद्या सोळा होतील. जाळ्याचा पासवर्ड कोणाच्या भाच्याला माहीत आहे हे मला कुठे ठाऊक आहे?

आणि एक जुनी गोष्ट होती, जी मी सारांना सांगितली नाही.

२००५ चा हिवाळा. मी बटालियनचा सिग्नल ऑफिसर. जागेचं नाव नेहमीप्रमाणे सांगत नाही. पुढच्या पोस्टवर फक्त फील्ड टेलिफोनची लाइन जायची. घरी बोलायचा सॅटेलाइट फोन होता मागे, आमच्या बंकरमध्ये, आणि तिथे जवान पाळीपाळीने यायचे. बर्फ इतका की दहा दिवस पुढच्या पोस्टवरून कोणी खाली येऊ शकलं नव्हतं. तिथल्या एका कोल्हापूरच्या पोराची आई शेवटच्या घटका मोजत होती. रात्री राउंडवर मी एक्सचेंजमध्ये शिरलो तर आमचा ऑपरेटर दोन रिसीव्हर हातात धरून बसलेला. एक फील्ड टेलिफोनचा, एक सॅटेलाइट फोनचा. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला, उलटसुलट, आणि वर ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळलेली. मला बघून तो उठला, पण रिसीव्हर सोडले नाहीत.

लष्करी लाइन आणि नागरी लाइन एकमेकांना जोडायची नाही, हे प्रत्येक ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगतात. मी खुणेने "बस" म्हणालो. तीन-चार मिनिटं आम्ही दोघं ते ऐकत होतो. आई फार बोलत नव्हती. पोरगा जेवणाबद्दल काहीतरी सांगत होता. मग मी लॉगमध्ये वेळ लिहिली आणि माझी सही केली, ऑपरेटरची नाही.

दुसऱ्या दिवशी सीओसाहेबांसमोर. ओरडून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "ऐकत कोण होतं?" मी म्हणालो, मी, सर. "आणि त्या पोराच्या मागे, बंकरमध्ये, कोण काय बोलत होतं?" मला सांगता आलं नाही. नंतर चौकशी केली. त्याच बंकरमध्ये सेक्शन कमांडर त्या रात्रीच्या पेट्रोलची वाट आणि वेळ समजावून सांगत होता. ते सॅटेलाइटवरून कुठवर गेलं असेल, कुठेच गेलं नसेल, देव जाणे. पेट्रोल सुखरूप परत आलं. माझी झोप मात्र पेट्रोल परतेपर्यंत नव्हती.

तेव्हापासून माझी एक समजूत पक्की आहे. दोन जाळी जिथे मिळतात तिथे माणूस बसलेला असावा, आणि त्या माणसाचं नाव कागदावर असावं. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या, अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला गेल्या होत्या. फोन बंद पडले आणि त्यांचं केंद्र निरोप्याचं काम करू लागलं. इकडच्या हॅमनी ते निरोप कागदावर उतरवून घेतले आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. तार कुठेच जोडलेली नव्हती. सारांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी सारांकडे कॉफीला गेलो आणि अडकलो. ईशान्य मोसमी पाऊस म्हणजे काय हे आपल्याकडे जूनचा पाऊस बघितलेल्यांना सांगून कळत नाही. तो समुद्राकडून येतो आणि उतरतो. चार वाजता वीज गेली, सात वाजता गल्लीत गुडघाभर पाणी, नऊला मोबाईलवर काडी नाही. जाळं चालू होतं. पाच गिगाहर्ट्झला पावसाचं फारसं काही वाटत नाही. आमची एकच गच्ची गेली, कनेक्टरमध्ये पाणी शिरून.

साडेनऊला फोन वाजला. वहिनी. त्यांचे मालक तीन दिवसांपूर्वी गावी गेले होते. सासूबाईंचं ऑपरेशन मिरजेला, त्याच दिवशी दुपारी. तीन वाजेपर्यंत फोन लागत होता तेव्हा त्यांना आत नेलेलं नव्हतं. घरात वहिनी आणि दोन पोरं, मेणबत्ती, बाहेर पाणी.

"साहेब, ऑपरेशन झालं का तेवढं कळलं असतं तर."

सारांची तांब्याची लाइन जिवंत होती. मी उचलून पाहिली, डायल टोन होता. मी मालकांचा नंबर लिहून घेतला. सारांनी काहीही न बोलता कपाटातून खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी मान हलवली. मग त्यांनी टेबलावरच्या दोन फोनांकडे बोट दाखवलं. एक जाळ्याचा, एक लाइनचा. आणि हाताने खूण केली, उलटसुलट.

त्यांना ती युक्ती कोणी सांगायला नको होती. जगातल्या सगळ्या ऑपरेटरांना ती येत असावी.

का नाही केलं याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. ऐकायला मी होतोच, मागे पेट्रोलची वाट सांगणारं कोणी नव्हतं, माणसं दोन्हीकडची ओळखीची. पण इतर चार घरांनाही लाइन जिवंत आहे हे कळलं होतं, आणि वहिनींना जोडून दिल्यावर पुढच्याला नाही कसं म्हणायचं? असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तेव्हा मी कॅप्टन होतो, आता कर्नल आहे, हेही कारण असेल.

मी वहिनींचा फोन बाजूला ठेवला, लाइनवरून मिरजेचा नंबर लावला. चौथ्या वेळी लागला. मालकांना मी कोण हे कळायला थोडा वेळ गेला. ऑपरेशन झालं होतं, सहा वाजता बाहेर आणलं, शुद्धीवर आल्या होत्या. डॉक्टर उद्या सकाळी बघणार. मी सगळं वेळेसकट सारांच्या डायरीत लिहीत गेलो. मग ते म्हणाले, थांबा, आई जागी आहे, आणि फोन त्यांच्या कानाशी नेला. त्या म्हणाल्या, पोरांना उपाशी झोपवू नको म्हणावं. मी तेही लिहिलं. वेळ २१:५२.

दुसरा रिसीव्हर उचलून वहिनींना क्रमाने वाचून दाखवलं. ऑपरेशन झालं. सहा वाजता बाहेर. शुद्धीवर. डॉक्टर उद्या. पोरांना उपाशी झोपवू नको.

पलीकडे पाऊस ऐकू येत होता. मग वहिनींनी विचारलं,

"साहेब, आत्याबाईंचा आवाज कसा होता?"

मी डायरीत बघितलं. सार स्टोव्ह पेटवायला आत गेले होते.

"बरा होता," मी म्हणालो.

त्या रात्री आणखी सात निरोप गेले. वीज पहाटे चारला आली.